बीप आधी, पाऊस नंतर : ग्रूपरचा 'रुइन्स' पुरावा म्हणून ऐकताना

'रुइन्स' या अल्बममधला चौथा तुकडा 'लॅबिरिंथ'. नुसता पियानो आहे, आवाज नाही. तो संपता संपता एक बारीक बीप ऐकू येते. मायक्रोवेव्हची. वादळानंतर वीज गेली होती, त्या वेळची ही बीप आहे आणि ती मी तशीच राहू दिली, असं संगीतकार लिझ हॅरिस हिने स्वतःच सांगून ठेवलंय. आपल्या पवनी तालुक्याच्या भाषेत सांगायचं तर लाईन गेली, लाईन आली आणि यंत्र ओरडलं.

या एका बीपवर आज लिहायचं आहे. तुमच्यातले बरेच जण पेटच्या नाहीतर नेट-सेटच्या तयारीत असाल, काही जण सिनॉप्सिसपाशी अडकलेले असाल. तुम्हाला या बीपचं काय, असं वाटेल. थोडं थांबा. 2014 साली हा अल्बम आला तेव्हापासून त्याच्याबद्दल जे जे लिहिलं गेलं, त्यात ही बीप येतेच. आणि बहुतेक वेळा ती एकाच कामासाठी येते, प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून. बघा, हिने काही लपवलं नाही, खोलीत जे घडलं ते जसंच्या तसं आपल्यासमोर ठेवलं. मला हा निष्कर्ष पटत नाही. अल्बम मला फार आवडतो, पण त्याच्या बाजूने दिला जाणारा हा पुरावा कच्चा आहे असं माझं म्हणणं आहे. आवडत्या गोष्टीचा कच्चा पुरावा खोडता येणं हे संशोधनात लवकर शिकावं लागतं, कारण आपला विषय बहुधा आपल्या आवडीचाच असतो.

आधी थोडी ओळख. ज्यांना हे संगीत ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

शूगेझ हे नाव मुळात टोमणा होता. 1990 च्या आसपास ब्रिटनमधले काही गिटारवादक मंचावर मान खाली घालून उभे राहायचे. त्यांच्या पायाशी आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग असायची आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे. बघणाऱ्याला वाटायचं, हे आपल्या बुटांकडे बघत बसलेत. गिटारचे आवाज एकावर एक इतके चढवायचे की त्यांची भिंत व्हायची आणि गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतीच्या आत कुठेतरी ठेवायचा. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 1991 चा 'लव्हलेस' हा या प्रकारातला सगळ्यात गाजलेला अल्बम. त्यासाठी दोनेक वर्षं आणि डझनाहून जास्त स्टुडिओ लागले. खर्चाचा अडीच लाख पौंडांचा आकडा सगळीकडे छापला जातो, पण बँडच्या केविन शील्ड्सने तो मान्य केलेला नाही. (हा आकडा तुमच्या निबंधात टाकायचा मोह झाला तर कोण म्हणतो आणि कोण नाकारतो, हे दोन्ही टाका.) ॲम्बियंटचा माग ब्रायन ईनोपर्यंत जातो. 1978 चा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' घ्या. लक्ष दिलं तर ऐकण्यासारखं आणि नाही दिलं तर खोलीतल्या उजेडासारखं नुसतं असणारं संगीत.

या दोन्ही वाटा घरात कशा आल्या? यंत्र स्वस्त झालं म्हणून. 1979 मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येतील असं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र बाजारात आलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा 'नेब्रास्का' अशाच यंत्रावर घरी रेकॉर्ड झालेला आहे. एक माणूस, एक खोली, चार ट्रॅक. पण कॅसेटचं एक वैशिष्ट्य इथे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. तिच्यात मुळातच सूं असा आवाज असतो. एका ट्रॅकवर भरलेलं दुसऱ्यावर उतरवून जागा मोकळी करायची म्हटली, तर दर वेळी वरचे बारीक सूर थोडे झिजतात आणि तो सूं वाढतो. म्हणजे 'लव्हलेस'ने भल्यामोठ्या खटाटोपाने जो धूसरपणा मिळवला, त्याचा काही भाग कॅसेटवाल्याला फुकट मिळतो. फुकट मिळालेल्या गोष्टीचं तो काय करतो, यावर त्याची पारख होते.

ग्रूपर म्हणजे एकटी लिझ हॅरिस. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची, आधी पोर्टलंड आणि मग ॲस्टोरिया, दोन्ही ऑरेगन राज्यात. तिचं लहानपण सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात गुर्जिएफच्या विचारांवर चालणाऱ्या एका समूहात गेलं. त्या समूहाला नुसतं 'ग्रुप' म्हणत आणि तिथली मुलं ती ग्रूपर. नाव तिथून आलं. ही माहिती खरी आहे आणि रंजकही आहे. म्हणूनच ती प्रत्येक परीक्षणाच्या दुसऱ्या परिच्छेदात बसलेली असते आणि तिथून सरळ तिच्या संगीतातल्या एकटेपणाकडे बोट दाखवते. चरित्रातली एक गोष्ट आणि सुरांतली एक गोष्ट शेजारी ठेवली की त्यांच्यात कार्यकारण असल्याचा भास होतो. वायवाला समोर बसलेला माणूस विचारेल, त्या समूहात वाढलेल्या बाकीच्या मुलांनी असं संगीत का नाही केलं? याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर ती ओळ काढून टाका.

आता 'रुइन्स'. 2011 साली हॅरिस पोर्तुगालच्या नैऋत्य टोकाला अल्जेझूर इथे काही काळ राहिली होती. लिस्बनच्या 'गॅलेरिया झे दोस बोइस' या संस्थेने ही सोय केली होती. सोबत सुटसुटीत चार ट्रॅकचं यंत्र, सोनीचा एक स्टिरिओ माइक आणि तिथला उभा पियानो. रेकॉर्डिंग नसेल तेव्हा ती काही मैल चालत समुद्रावर जायची आणि वाटेत जुन्या वाड्यांचे आणि एका लहान गावाचे पडके अवशेष लागायचे. अल्बमचं नाव त्यावरून. हा अल्बम म्हणजे एक दस्तऐवज आहे, त्या रोजच्या चालण्याला दिलेली दाद आहे, असं तिचं निवेदन सांगतं. दस्तऐवज हा शब्द तिने वापरला आणि समीक्षकांनी उचलला.

दस्तऐवज म्हटलं की आपण कोणते प्रश्न विचारतो? कधीचा, कुठला, कोणी केला, सलग आहे की मधून फाटलाय. तेच प्रश्न इथे विचारून बघू.

अल्बममध्ये आठ तुकडे आहेत, मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास. पहिल्यात ढोलकासारखे संथ ठोके आणि मागे बेडूक. मधले बहुतेक पियानो आणि अगदी हलका आवाज. शेवटचा 'मेड ऑफ एअर' अकरा मिनिटांहून मोठा, म्हणजे अल्बमचा पाव हिस्सा तो एकटा खातो. आणि हा शेवटचा तुकडा अल्जेझूरचा नाहीच. तो 2004 चा आहे, तिच्या आईच्या घरी केलेला. ही गुप्त माहिती नाही, त्याच निवेदनात तिनेच सांगितलेली आहे. तरीही 'एका जागेचा, एका काळाचा दस्तऐवज' हे वाक्य लोक बिनधास्त लिहीत आले. चौथा हिस्सा दुसऱ्या खंडातला आणि सात वर्षं आधीचा असताना!

पुढे बघा. पहिल्या तुकड्याचं नाव 'मेड ऑफ मेटल', शेवटच्याचं 'मेड ऑफ एअर'. धातू आणि हवा. म्हणजे कोणीतरी दोन टोकं हातात धरून गाठ मारलीय. रोज जे झालं ते ठेवत गेले, अशी ही रचना दिसत नाही. इथे आधी ठरवलेलं एक दार आहे आणि एक खिडकी आहे.

आणि मग ती बीप. 'लॅबिरिंथ' चौथा आहे. सातव्या 'होल्डिंग'च्या शेवटी पाऊस आणि गडगडाट येतो. वादळानंतरची बीप आपल्याला आधी ऐकू येते आणि वादळ तीन तुकड्यांनंतर. दोन्ही वादळं एकच असतील असा माझा दावा नाही, त्याची गरजही नाही. मुद्दा क्रमाचा आहे. खोलीतला क्रम काहीही असो, अल्बमचा क्रम कोणीतरी बसवलेला आहे. त्या क्रमात बीप अशा ठिकाणी येते, जिथे आपण तीन पियानोच्या तुकड्यांनी पुरते गुंगलेलो असतो. ती आली की खोली दिसते. तिथे भिंती आहेत, वायरिंग आहे, बाहेर हवामान आहे, आणि हे वाजवणारी कुठेतरी धुक्यात नाही तर कोणाच्या तरी स्वयंपाकघराशेजारी बसली आहे, हे एका क्षणात कळतं. पहिल्या तुकड्यात ही बीप आली असती तर ती निव्वळ ढिलाई वाटली असती. शेवटी आली असती तर विनोद. ती चौथ्यात आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की बीप राहू दिली हे अर्धंच वाक्य आहे. बीप अपघाताने टेपवर आली, हे खरं. ती अल्बममध्ये मात्र निवडीने आली. 2011 ची रेकॉर्डिंग बाहेर यायला 2014 उजाडलं. तीन वर्षांत एक बीप पुसायला वेळ मिळाला नाही, असं तर कोणी म्हणणार नाही. याला मी अप्रामाणिकपणा म्हणत नाही, उलट हेच तिचं कसब आहे. पण प्रामाणिकपणा म्हणून त्याचं कौतुक करणं म्हणजे संपादकाच्या कामाचं श्रेय हवामान खात्याला देणं.

हे आपल्याकडच्या कामात कसं दिसतं बघा. समजा तुम्ही दिवाळीनंतरच्या मंडईत कोंढ्याला दंडार रेकॉर्ड करायला गेलात, प्रबंधासाठी. टेपवर काय काय येईल? ढोलकी, गाणारे, मागे जनरेटर, पाळणेवाल्याचा भोंगा, आणि शेजारी कोणीतरी मोठ्याने विचारतंय, 'हे कायचं यंत्र आहे गा?' घरी आल्यावर तुम्ही जनरेटर साफ करता की ठेवता? साफ केलं तर दंडार जणू रिकाम्या मैदानात झाली असा खोटा पुरावा तयार होतो. ठेवलं तर जनरेटर हा त्या रात्रीचा भाग आहे असा दावा तुम्ही करता, आणि मग त्यावर चार ओळी लिहिणं तुमच्यावर येतं. तिसरा मार्ग लोक सर्रास घेतात. ठेवायचं, आणि 'नैसर्गिक परिस्थितीत ध्वनिमुद्रण केले' असं प्रकरण दोनमध्ये एका ओळीत लिहून मोकळं व्हायचं. 'रुइन्स'च्या समीक्षकांनी बीपचं हेच केलं. माइक कुठे ठेवला, कधी चालू केला, शंभर मिनिटांतली कोणती सात मिनिटं परिशिष्टाला जोडली, हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं. त्याला नैसर्गिक म्हणून सोडून दिलं की पद्धतीची चर्चाच बुडते.

हॅरिसच्या बाकी अल्बमकडे वळलं की संशय आणखी पक्का होतो. 'द मॅन हू डाइड इन हिज बोट' 2013 मध्ये आला, पण त्यातली गाणी 2008 च्या 'ड्रॅगिंग अ डेड डीअर अप अ हिल'च्या काळातली. 2021 च्या 'शेड'मध्ये तर पंधरा वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी केलेली गाणी एकत्र आहेत. ही बाई टेपा साठवते. वर्षानुवर्षं साठवते आणि मग कधीतरी, बहुधा नवीन काहीतरी शेजारी आल्यावर, जुनी बाहेर काढते. एकट्याने घरी रेकॉर्ड करणाऱ्या संगीतकाराबद्दल आपण यंत्र कोणतं, माइक कोणता, खोली कशी, हे विचारतो. टेपांचं कपाट कसं लावलंय, हे कोणी विचारत नाही. ग्रूपरच्या बाबतीत माझ्या मते तोच मोठा प्रश्न आहे. बँड असता तर निदान चार जणांत वाद झाला असता, हे गाणं घ्यायचं की नाही. एकट्याच्या कामात तो वाद बाहेर ऐकू येत नाही, आणि म्हणून निवड झालीच नाही असं ऐकणाऱ्याला वाटतं.

इथे डॉ. अशोक दा. रानडे यांची आठवण काढायला हवी. भारतीय संगीताचा विचार करताना त्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम असे सहा प्रकार मांडले. शास्त्रीय की सुगम, एवढ्या दोनच खणांत सगळं कोंबण्याची आपली सवय त्यातून बरीच सुटली. तुम्ही संगीतावर काम करणार असाल तर रानडे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पण ग्रूपर कुठे ठेवायची? माध्यमांतून पोचते म्हणून जनसंगीत म्हणावं, तर ती जनांपर्यंत फारशी जातच नाही. कलासंगीत म्हणावं, तर मागे शिकवणारी परंपरा नाही आणि मैफल तर नाहीच. घरी रेकॉर्ड झालेल्या या संगीतात आधी सादरीकरण आणि मग त्याचं ध्वनिमुद्रण असा क्रमच उरत नाही, कारण टेप हाच प्रयोग असतो. म्हणून तिच्यावर लिहिताना मैफलीच्या समीक्षेची भाषा अडखळते. 'आवाज लागला नव्हता' हे वाक्य इथे लिहून बघा, किती विचित्र दिसतं ते.

आवाजावरून एक गोष्ट, जी मला विद्यार्थी नेहमी विचारतात. आमचं इंग्रजी कच्चं आहे, शब्द कळत नाहीत, मग आम्ही अशा संगीतावर लिहायचं कसं? 'ड्रॅगिंग अ डेड डीअर अप अ हिल' लावा. ॲकॉस्टिक गिटार, आणि तिच्यावर घुमाऱ्यात बुडवलेला आवाज. एकाच गायिकेचे दोन-तीन आवाज एकमेकांवर चढवलेले. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांनाही यातले निम्मे शब्द सांगता येत नाहीत. शब्दांच्या कडा मुद्दाम घासून काढल्यात. उरतात ते स्वर, म्हणजे आ, ऊ, ओ. पोर्टलंडचा ऐकणारा आणि कोंढ्याचा ऐकणारा इथे जवळजवळ एकाच पायरीवर उभे आहेत. उलट तुम्हाला एक फायदा आहे. तानपुऱ्याच्या अखंड सुरावर कान ठेवायची सवय आपल्याकडे मंदिरातल्या भजनापासून असते. सूर बदलत नाही तरी आत काहीतरी हलतंय, हे ऐकायला आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही. तेव्हा शब्द कळत नाहीत म्हणून मागे सरू नका. मात्र जे ऐकू येत नाही ते इंटरनेटवरच्या गीतपत्रिकेवरून उतरवून त्याचा अर्थ लावत बसू नका. अशा पत्रिका बहुधा कोणा चाहत्याने अंदाजाने लिहिलेल्या असतात, आणि पुसट ठेवलेला शब्द स्पष्ट करून वाचणं म्हणजे त्या गाण्याचं काम उलटं फिरवणं.

हे सगळं म्हणताना तिच्या कामाची मर्यादाही बोलायला हवी, नाहीतर ही आरती होईल. 2011 चा 'ए आय ए' हा जोड अल्बम घ्या, 'ड्रीम लॉस' आणि 'एलियन ऑब्झर्व्हर'. शूगेझ आणि ॲम्बियंटच्या मधली जागा तिने इथे सगळ्यात पूर्ण भरलीय, असं बरेच जण मानतात. मला 'एलियन ऑब्झर्व्हर' हे शीर्षकाचं गाणं फार उंचीचं वाटतं, कारण तिथे घुमाऱ्याच्या आत चाल शाबूत आहे, डोळे मिटून गुणगुणता येते. 'ड्रीम लॉस'मध्ये मात्र अनेक ठिकाणी नुसताच घुमारा उरतो. धुकं सुंदर असतं, पण धुक्यामागे झाड असेल तरच. कॅसेटने फुकट दिलेला धूसरपणा ती तिथे तसाच खर्चून टाकते. 'रुइन्स'मध्ये तिने बरोबर उलटं केलं. धुकं काढलं, पियानो उघडा ठेवला, आवाज कानाशी आणला, आणि मग सर्वात शेवटी 2004 चं अकरा मिनिटांचं धुकं आणून ठेवलं. पहिल्यांदा ऐकताना ते लांबलेलं वाटतं. पण मागच्या सात तुकड्यांत कान इतके स्वच्छ झालेले असतात की त्या धुक्यात जे हलतं, ते आता ऐकू येतं. हा परिणाम 'मेड ऑफ एअर' सुटा ऐकला तर मिळत नाही. करून बघा, आधी सुटा ऐका, दुसऱ्या दिवशी क्रमाने. दोन्ही वेळा ऐकताना वहीत वेळ टिपत जा, कुठल्या मिनिटाला काय ऐकू आलं. अशी टिपणं नसतील तर ऐकण्यावर आधारलेला कुठलाही दावा दुसऱ्याला तपासता येत नाही. गाईडने 'हे तुम्हाला वाटतं' असं म्हटलं की मग तुमच्याकडे उत्तर नसतं.

कोणी विचारेल, संगीतकाराच्या निवेदनावर इतका अविश्वास कशाला? अविश्वास नाही. निवेदन हा स्रोत आहे, आणि स्रोताला आपण प्रश्न विचारतो. तो कोणी दिला, कधी दिला, कोणासाठी दिला. 'रुइन्स'चं निवेदन अल्बम बाहेर आणताना, ऐकणाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. ते अल्बमचाच भाग मानून वाचलं तर खूप काही देतं. 2004 ची तारीख आपल्याला तिथूनच मिळाली, नाहीतर आज हा लेख झालाच नसता. पण अल्बमबद्दलचा निकाल म्हणून ते वापरलं की आपण ऐकणं थांबवतो.

हीच पद्धत घेऊन तुम्ही स्वतः कुठल्या अल्बमवर काम कराल, असं विचाराल तर मी 2018 चा 'ग्रिड ऑफ पॉइंट्स' सुचवेन. छोटा आहे, वीस-बावीस मिनिटांचा, त्यामुळे पुन्हा पुन्हा ऐकणं जमतं. पियानो आणि आवाज, बाकी काही नाही. ही गाणी दीड आठवड्यात झाली आणि जोराचा ताप आला म्हणून अचानक थांबली, असं हॅरिस सांगते. लांबी कमी असली तरी काम पूर्ण आहे, असंही ती सांगते. म्हणजे तापाने तोडलेलं आणि तरी पूर्ण. आणि अल्बमच्या शेवटी, 'ब्रीदिंग'मध्ये, पियानो संपल्यावर एक आगगाडी जाते. चांगली लांबलचक, शांतपणे. मग प्रश्न असा, हा अल्बम तापाने संपवला की गाडीने? आणि ताप तर खोलीत होता, पण गाडी टेपच्या शेवटी कोणी आणून उभी केली?